परदेशात जामीनदार शोधताना

'स्पॉन्सर' हा शब्द आमच्या नगर जिल्ह्याला नवा नाही. गणेशोत्सवाच्या कमानीवर, कुस्त्यांच्या फडाच्या पत्रिकेवर आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या ट्रॉफीवर तो कितीतरी वर्षे मिरवतो आहे. गावातला कोणी सधन माणूस पैसे देतो, बदल्यात त्याचा फोटो कमानीवर लागतो आणि हिशेब तिथेच मिटतो. अलीकडे मात्र हा शब्द संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या मध्यमवर्गीय घरांत वेगळ्याच अर्थाने ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी आर्किटेक्ट झालेली असते, इंग्लंड-अमेरिकेतले पुढचे शिक्षण संपत आलेले असते, आणि आई-वडील सांगतात, "सगळं झालं हो, फक्त स्पॉन्सर मिळायचा राहिलाय." जणू कार्यालय ठरले, आचारी ठरला, फक्त भटजी यायचा राहिला आहे! खरी मेख या 'फक्त'मध्येच आहे, आणि ती कळायला कर्ज फिटेपर्यंतचा काळ जावा लागू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

मी नोकरीची सारी वर्षे बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या सुटीच्या दिवशी. रोजचे वाचन कर्जप्रकरणांचेच होते. त्या वाचनाने एक गोष्ट पक्की शिकवली. कर्ज मागणारा कितीही लायक असो, फाइल अडते ती जामीनदारापाशी. व्हिसाच्या भाषेतला स्पॉन्सर म्हणजे दुसरे-तिसरे कोणी नसून हा जामीनदारच. परदेशातली एखादी कंपनी तिथल्या सरकारला लिहून देते की, हा परका माणूस माझ्याकडे अमुक कामावर, अमुक पगारावर राहील. त्याने काम सोडले तर मी कळवीन. त्यासाठीचे शुल्क मी भरीन. बँकेतल्या जामीनदाराने हात काढून घ्यायचे म्हटले तर ते सहजासहजी जमत नाही. इथे मात्र जमते. नोकरी सुटली की अमेरिकेत एच-१बी व्हिसावरच्या माणसाला नवा मालक शोधायला किंवा गाशा गुंडाळायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. ब्रिटनमध्येही साधारण तेवढेच. योगायोग असा, की थकलेल्या कर्जापोटी तारण ठेवलेले घर ताब्यात घेण्याआधी सरफेसी कायद्याखाली बँक जी नोटीस देते, तिची मुदतही साठ दिवसांचीच असते. एकाच कुटुंबाच्या दोन टोकांना, दोन देशांत, दोन घड्याळे अशी एकाच मापाने चालू शकतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत हा जामीन फार महाग झाला आहे. ब्रिटनने कुशल कामगाराच्या व्हिसासाठीची किमान पगाराची रेषा एप्रिल २०२४ मध्ये वार्षिक २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० पौंडांवर नेली, आणि जुलै २०२५ मध्ये ती ४१,७०० केली. नवोदितांसाठी ३३,४०० पौंडांची सवलतीची रेषा ठेवली, पण ती सवलत सारी मिळून चार वर्षांपुरती. मालकाला अशा प्रत्येक परदेशी माणसामागे दरवर्षी सरकारी आकार भरावा लागतो. मोठ्या कंपन्यांसाठी तो डिसेंबर २०२५ मध्ये १,००० पौंडांवरून १,३२० पौंडांवर गेला. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेकांसाठी दीड वर्षाची होणार, हेही जाहीर झाले आहे.

अमेरिकेत एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी बाहेरून आणायच्या नव्या माणसामागे एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरण्याचे फर्मान काढले. तिथेच शिकून तिथेच व्हिसा बदलून घेणाऱ्यांना हा आकार नाही, असा खुलासा पुढे झाला. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस सोडतीत वरच्या पगाराच्या अर्जांना झुकते माप देणारा नियमही काढण्यात आला. दोन्ही देशांचा रोख एकच आहे. माणसाचे कौशल्य कशाने मोजायचे? तर पगाराने.

हे माप संगणकवाल्यांना परवडू शकते. वास्तुविशारदाला ते जाचते, कारण या व्यवसायाची घडणच निराळी आहे. जगात कुठेही जा, आर्किटेक्टची बहुतेक कार्यालये लहान असतात. दोन भागीदार, पाच-सहा साहाय्यक, एक हिशेबनीस. काम येते ते प्रकल्पागणिक, आणि मंदीची चाहूल लागली की घरबांधणी थांबणारच. पुढच्या वर्षी आपल्यालाच काम असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने सातासमुद्रापलीकडच्या मुलीसाठी पाच वर्षांचा जामीन कसा भरावा? मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत असल्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र खाते असते. इथे भागीदारालाच रात्री बसून अर्ज भरावा लागतो.

दुसरे असे, की वास्तुकलेत उमेदवारी लांब आणि उमेदवारीतला पगार तोकडा. ब्रिटनमध्ये आर्किटेक्ट व्हायला शिक्षण आणि अनुभव धरून किमान सात वर्षे लागतात, आणि त्यातल्या सुरुवातीच्या साहाय्यकांचे पगार वर सांगितलेल्या रेषेच्या खालीच घोटाळतात. तिथल्या गोऱ्या मुलांचेही तेच. म्हणजे मालक आपल्या मुलांना कमी देतो असे नव्हे. तो सर्वांनाच कमी देतो, पण कायदा परदेशी माणसाला तेवढ्यावर राहू देत नाही.

तिसरी गाठ पदवीची. आपल्याकडे १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टप्रमाणे पाच वर्षांची पदवी घेऊन कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद केली की माणूस आर्किटेक्ट होतो. ज्या वर्षी आमच्या जिल्ह्यात दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडत होती, त्या वर्षी दिल्लीत हा कायदा झाला. त्या नोंदणीचे वजन देशाच्या सीमेपर्यंतच. ब्रिटनमध्ये 'आर्किटेक्ट' हे नाव लावायचे तर तिथल्या नोंदणी मंडळाच्या परीक्षा आल्या. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. हे नाव नसतानाही साहाय्यक म्हणून काम करता येते, पण मग पगारही साहाय्यकाचाच. नाव नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणून नाव मिळवण्यापुरता अनुभव नाही. या फेऱ्यात हुशारीचा संबंध येतो तो फार थोडा. आपले मूल कमी पडले असे समजून झुरणाऱ्या पालकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर चित्र होते ते वेगळे. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे. जे. मध्ये शिकले आणि १९४५ मध्ये सरकारी योजनेतून हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली गेले. त्यांचा जामीन त्यांच्याच देशाने भरला होता. शिकून ते परत आले, आणि पुढे कानपूरची आयआयटी व वरळीचे नेहरू सायन्स सेंटर त्यांच्या हातून उभे राहिले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९५० मध्ये जे. जे. सोडून लंडनला गेले. तिथून ते पॅरिसला ल कॉर्बुझियेच्या कार्यालयात पोचले आणि पहिले आठ महिने तिथे बिनपगारी राबले. २०१८ मध्ये वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. आज एखाद्या मुलीने लंडनमधल्या थोर वास्तुकाराकडे आठ महिने बिनपगारी काम करतो म्हटले, तर तो पगार दाखवून तिला व्हिसा मिळणार नाही. दोशी लंडनला गेले तेव्हा राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये पाऊल ठेवायला परवाना लागत नव्हता. १९६२ च्या कायद्याने ते दार लोटले गेले आणि 'व्हाउचर' आले. त्यातल्या पहिल्या वर्गासाठी तिथल्या मालकाने नेमकी नोकरी देऊ केलेली असावी लागे. आजच्या स्पॉन्सरचा हा आजोबा.

परक्या कसबी माणसाची गरज असणे आणि तो डोळ्यांत खुपणे, या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, हे कळायला नगरकराला लंडनला जावे लागत नाही. हे शहर निजामशाहीत भरभराटले ते परदेशी माणसांच्याही बळावर. विजापूरच्या बुरुजावर आज लोक जी मलिक-ए-मैदान तोफ पाहतात, ती १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली, आणि ती ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला होता. इराणातून शाह ताहिरसारखे विद्वान आले आणि दरबारात मोठ्या पदाला पोचले. अशा परदेशस्थांना 'आफाकी' म्हणत, इथल्यांना 'दख्खनी'. दोघांमधली तेढ वाढत गेली आणि १५८९ मध्ये राजगादीच्या गोंधळात नगर शहरात आफाकींची कत्तल झाली. इतिहासकार फरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर इराणकडून इथे आला होता. त्याचे वडील राजपुत्राला फारसी शिकवीत. त्याच १५८९ साली फरिश्ता नगर सोडून विजापूरला आदिलशहाच्या आश्रयाला गेला. आजच्या भाषेत, त्याचा स्पॉन्सर बुडाला आणि त्याने दुसरा शोधला. पुढे याच निजामशाहीचा शेवटचा मोठा आधार ठरला तो मलिक अंबर, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हबशी. आजचे देश तलवार चालवीत नाहीत, नियम बदलतात. त्यात रक्त सांडत नाही, हा फरक मोठाच आहे. पण आश्रयदात्याच्या मर्जीवर उभे असलेले आयुष्य किती लवकर डळमळते, हे या गावाच्या दगडांना चारशे वर्षांपासून माहीत आहे.

आता माझ्या जुन्या प्रांताकडे, म्हणजे हिशेबाकडे वळतो. शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे, काही निवडक नामांकित विद्यापीठे सोडली, तर बहुधा लागते. आमच्याकडच्या माणसाजवळ असते शेत. पण शेतजमिनीवर सरफेसी कायदा चालत नाही, त्यामुळे बँकेला शेत नको असते. घर हवे असते, नाही तर बिनशेती प्लॉट. अकोल्याकडचे एक प्राथमिक शिक्षक टेबलापाशी बसून म्हणाले होते, "साहेब, राहतं घर लिहून देतो, पण पोरीचं अडू देऊ नका." हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी मी अनेकदा ऐकले आहे. त्यात माया असते आणि धाडसही असते. नसते ते फक्त गणित.

ते गणित असे. समजा तीस लाखांचे कर्ज आहे आणि व्याज साडेदहा टक्के. एक वर्ष शिक्षणाचे आणि एक वर्ष सवलतीचे. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरले, तर या दोन वर्षांत सहा लाख तीस हजार व्याज चढते. मग छत्तीस लाख तीस हजार रुपये दहा वर्षांत फेडायचे, म्हणजे हप्ता महिन्याला सुमारे ४९ हजार. परत येऊन पुण्यात नोकरी धरणाऱ्या तरुण आर्किटेक्टला सुरुवातीला पंचवीस-तीस हजार मिळाले तरी घरचे समाधान मानतात. हप्त्याला त्याचा सगळा पगार पुरत नाही; उरलेले वडिलांच्या पेन्शनमधून. परदेशी पगारावर हाच हप्ता हलका वाटतो. म्हणून कर्जाची फेड परदेशी नोकरीच्या भरवशावर मांडली जाते आणि ती नोकरी स्पॉन्सरच्या भरवशावर. म्हणजे ज्या जामीनदाराला आपण पाहिलेले नाही, ज्याने कुठे सही केलेली नाही, त्याच्या हवाल्यावर घर गहाण पडते. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने साध्या दुकानदाराचे कर्ज असे मंजूर केले नसते.

आखाताचा मार्ग वेगळा. दुबई, दोहा, रियाध इथे इमारती उठतच असतात आणि आपल्याकडच्या आर्किटेक्ट-ड्राफ्ट्समनना तिथे मागणीही असते. तिथे स्पॉन्सरला 'कफील' म्हणतात, आणि तो मिळणे त्या मानाने सोपे. मात्र पूर्वापार रीत अशी, की कफीलच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे. विश्वचषकाची मैदाने बांधणाऱ्या कतारने ही अट २०२० मध्ये काढली. इतरत्रही रीत सैल होत गेली आहे. तरी नियम साधा धरावा. पश्चिमेकडे जामीनदार मिळत नाही, आणि आखातात मिळतो पण जामिनातून सुटका होणे अवघड.

जिथे टंचाई तिथे दलाल, हे ओघानेच आले. 'स्पॉन्सरशिप मिळवून देतो, पाच लाख द्या' अशी बोली आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. ब्रिटनमध्ये मालकाने भरायचा हा वार्षिक आकार माणसाकडून वसूल करणे कायद्याने बंद आहे, अमेरिकेतही एच-१बीचे मुख्य शुल्क मालकानेच भरायचे असते. तेव्हा जो जामिनाचे पैसे मागतो, तो जामीनदार नव्हेच. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते आणि तो उमेदवाराकडून तीस हजार रुपये व कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. एवढे दोन नियम घरात सर्वांना पाठ असावेत.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांनी जाऊच नये काय? जरूर जावे. दुसऱ्या देशातले दगड, प्रकाश आणि रस्ते पाहिल्याशिवाय वास्तुकला पुरी होत नाही. प्रश्न इथल्याही परिस्थितीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले की, १९७२ चा कायदा 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. म्हणजे इमारतीचा आराखडा कोणीही करावा, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये. गावाकडे ते दिसतेच. चाळीस लाखांचा बंगला बांधणारा बागाइतदार वास्तुशास्त्रवाल्याला आनंदाने दक्षिणा देतो, मिस्त्रीला विचारून जिना ठरवतो आणि आर्किटेक्टची फी ऐकून मात्र दचकतो. लोणीला आर्किटेक्चरचे कॉलेज आहे, जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, नगरपालिका आणि शाळा-दवाखान्यांच्या इमारती आहेत. मुले शिकून निघतात आणि पुण्याची एसटी धरतात. पुण्यात त्यांतली काही जण परदेशी कंपन्यांसाठीच संगणकावर नकाशे काढतात. लंडनमधल्या इमारतीच्या खिडक्या हडपसरला आखल्या जातात. काम सीमा ओलांडून येते, माणसाला ती ओलांडता येत नाही. आणि त्या इमारतीवर नावही दुसऱ्याचेच लागते.

करता येण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या फार मोठ्याही नाहीत. बँकांनी अशा कर्जाच्या फाइलमध्ये फेडीचे दोन तक्ते घालावेत, एक परदेशी पगाराचा आणि दुसरा पुण्यातल्या पगाराचा, आणि दुसऱ्या तक्त्यावर पालकांची वेगळी सही घ्यावी. कॉलेजांनी गेलेल्या मुलांचे फोटो छापताना परत आलेल्यांचे अनुभवही छापावेत. अमेरिकेत तर अभ्यासक्रमाच्या वर्गवारीवरसुद्धा बरेच ठरते. तांत्रिक यादीत बसणाऱ्या पदवीला शिक्षणानंतर कामासाठी एक वर्षाऐवजी तीन वर्षे मिळतात, आणि वास्तुकलेच्या सगळ्याच पदव्या त्या यादीत बसत नाहीत. ही चौकशी प्रवेशाआधी करायची असते.

सरकारकडे मागायचे ते पदव्यांच्या परस्पर मान्यतेचे. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यात भारतीय आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी मिळून वर्षाला १,८०० जणांची सोय ठरली. स्वयंपाक, योग आणि गाणे या आपल्या अभिमानाच्याच गोष्टी. पण पाच वर्षे घासून शिकलेल्या वास्तुविशारदाच्या नोंदणीला तिकडे मोल मिळावे, हा आग्रह तितक्याच जोराने धरायला हवा. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे राज्यसुद्धा जामीनदाराची भूमिका घेऊ शकते. कानविंद्यांच्या वेळी देशाने ती घेतलीच होती.

शेवटची गोष्ट इथल्या धनिकांसाठी. ज्यांच्या नावाने आता हा जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. काशीपासून कितीतरी तीर्थांवर त्यांनी मंदिरे आणि घाट बांधले. त्या बांधकामांनी किती पाथरवटांच्या आणि कारागिरांच्या चुली पेटल्या असतील! कसबी माणसाला काम देणारा तोच त्याचा खरा आश्रयदाता. जिल्ह्यातली एखादी नगरपालिका, एखादा कारखाना, एखादी शिक्षणसंस्था आपल्या पुढच्या इमारतीचे काम इथल्याच तरुण आर्किटेक्टला योग्य फी देऊन सोपवू शकते. त्यासाठी कुठल्याही दूतावासाच्या शिक्क्याची गरज नाही. आणि ज्यांना जायचेच आहे त्यांच्या घरात कर्जाच्या कागदावर सही होण्याआधी एक प्रश्न मोठ्याने विचारला जावा: जामीनदार नाही मिळाला, तर हप्ता कोण भरणार? उत्तर समाधानकारक असेल तर मुलीने खुशाल विमानात बसावे. नसेल, तर एक वर्ष थांबण्यात कमीपणा काही नाही.